सुखीबाईचा उघडा दंड

त्या वर्षांत यवतमाळचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस आवाज खाली आणायचा. मी नागपूरला बहिणीकडे गेले की तिच्या शेजारणी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी आत्ताच सुतकातून उठून आले आहे. गाड्या भरभरून लोक इकडे यायचे, फोटो काढायचे, हळहळायचे आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. आमच्याकडे कर्जानं गांजलेले शेतकरी जीव देत होते हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याहून कितीतरी जास्त माणसं जगत होती, भांडत होती, लग्नं लावत होती, हात मोडून घेत होती आणि मोडलेला हात जोडूनही घेत होती. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. म्हणून सुखीबाईची गोष्ट मी सांगते. मला कोणी विचारलेली नाही, तरी सांगते.

मी राळेगावकडची. यवतमाळच्या एका धर्मादाय दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी उभी हयात गेली. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण तिथले डॉक्टर अजून रस्त्यात भेटले की मला नमस्कार करतात आणि तो मला हवा आहे.

सुखीबाई आली ती कापूस खरेदीच्या ऐन गर्दीत. बंजारा बाई, आर्णीकडच्या तांड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली. नवरा लखीराम. घरची कोरडवाहू जमीन. त्या हंगामात खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग अशी लागे की माणसं गाडीखालीच चूल मांडून राहायची. हे दोघंही असेच मुक्काम ठोकून होते. गाडीतला कापूस फुगून वर येतो, तो पायांनी तुडवून बसवावा लागतो. सुखीबाई ढिगावर उभी राहून कापूस तुडवत होती. तेवढ्यात रांग हलली, बैलांनी एकदम ओढ घेतली आणि ही वरून थेट डांबरी रस्त्यावर, उजव्या खांद्यावर आदळली.

लखीराम गाडी सोडून निघाला असता तर रांगेतला नंबर गेला असता. तिनंच त्याला थांबायला सांगितलं, ओढणीनं हात गळ्यात बांधला आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून ती यवतमाळला आली. मी विचारलं, सोबत कोण आहे? ती म्हणाली, "हा दुसरा हात हाये ना." तिथंच ती मला आवडली.

तिचा वेश जुन्या पद्धतीचा होता. आरशांची कांचळी, घेरदार घागरा, केसांत कानाशी लोंबणारी चांदीची घुगरी. आणि दोन्ही दंडांवर कोपरापासून खांद्यापर्यंत चढत गेलेला चुडो, म्हणजे हाडाच्या पांढऱ्या बांगड्या, एकीवर एक, खाली लहान आणि वर मोठ्या होत गेलेल्या. लग्नात मुलीच्या कोवळ्या हातात त्या चढवतात. पुढे हात भरतो आणि त्या कोपरावरून कधी उतरत नाहीत. उतरतात त्या एकदाच, नवरा गेल्यावर. तिच्या पिढीनंतरच्या बऱ्याच मुलींनी हा भार टाकून दिला होता, पण तिच्या वयाच्या बायकांसाठी चुडो म्हणजे नवरा जिवंत असल्याची दवंडी होती.

एक्सरे काढला तर मोडलेल्या हाडावर बांगड्यांची वर्तुळं उमटलेली. आमचे डॉक्टर भोयर मनानं चांगले, पण बोलायला लागले की पुस्तक उघडत. त्या दिवशी मात्र त्यांनी बाईला कळेल असं सांगितलं. दंडाच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो खांद्याच्या वाटीत फिरतो म्हणून हात वर जातो. तिचं हाड त्या गोळ्याच्या खालीच मोडलं होतं, तुकडे सरकले होते आणि गोळा भलतीकडेच तोंड करून बसला होता. अशी बरीच हाडं नुसत्या झोळीत हात ठेवून जुळतात, पण हे जुळण्यातलं नव्हतं. उघडून तुकडे जागेवर आणायचे, बाहेरून धातूची पट्टी लावायची आणि स्क्रू गोळ्यात बसवायचे. उशीर झाला तर गोळ्याचं रक्त तुटून तो आतल्या आत मरायचा.

तिनं फक्त एवढंच विचारलं, "ऑपरेशन नाई केलं त?"

"हात राहील. पण लोंबता राहील, वर जाणार नाही."

"अन् केलं त वर जाईन?"

"खांद्याच्या रेषेपर्यंत जाईल असं मी म्हणतो. त्याच्या वर नेणं तुमच्या मेहनतीवर आहे."

मग ते दंडाकडे बोट दाखवून म्हणाले की हे सगळं काढावं लागेल. छेद तिथेच घ्यायचा होता. शिवाय सूज उतरत खाली आली होती, बांगड्या मांसात रुतल्या होत्या आणि बोटं काळवंडायला लागली होती. तिनं डोळे मिटून घेतले. जेवायची वेळ झाली तरी ती जेवली नाही.

संध्याकाळी लखीराम आला. गाडी रांगेतल्या शेजाऱ्याच्या हवाली करून, फेट्यात कापसाचे धागे तसेच घेऊन. किडकिडीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. चुडो कापायचा हे ऐकलं आणि तो बाजेच्या कडेला बसलेला उठून उभाच राहिला. दोघं आधी त्यांच्या गोरबोलीत भांडत होते. मी ऐकते आहे हे लक्षात आलं तशी सुखीबाई मुद्दाम वऱ्हाडीवर आली. तिला साक्षीदार पाहिजे होता.

लखीरामचं म्हणणं काही आडमुठेपणाचं नव्हतं. तो भ्याला होता. त्या वर्षात त्याच्या तांड्यावर दोन बायकांचा चुडो उतरला होता. एक नवरा विहिरीत सापडला होता, एक शेताच्या धुऱ्यावर, हातात फवारणीच्या औषधाचा डबा. जिकडेतिकडे हेच चाललेलं असताना आपल्या जिवंतपणी आपल्या बायकोचा दंड उघडा करायचा, म्हणजे मरणाला घरचा पत्ता सांगण्यासारखं त्याला वाटत होतं.

"आंधीच मानसं मरून राह्यले," तो म्हणाला, "अन् तू चुडो उतरवून मले मारतं का?"

सुखीबाईनं त्याच्याकडे बघितलं. "तू का चुडोनं जगून राह्यला? मी कापूस येचतो, मी भाकर थापतो, त्यानं जगून राह्यला. हात गेला त मंग पायजो कसा जगतं त."

तो निघाला. दारापर्यंत गेला, मागं वळला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "उतरव. मी आता कोनाले तोंड दाखवनार नाई." आणि गेला.

आमच्या एका शिकाऊ डॉक्टरांनी लगेच तोंड घातलं की नवऱ्याचा अंगठा नाही तर ऑपरेशन करता येणार नाही. मी त्यांना म्हटलं, हात नवऱ्याचा मोडला आहे का? शुद्धीवर असलेली, पोरं मोठी करून संसाराला लावलेली बाई आहे, तिच्या हाताला तिचाच अंगठा चालतो. ते भोयर डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून सुखीबाईनं डाव्या हाताचा अंगठा दिला. शाई मी लावली.

बांगड्या कापायचं काम धर्मपालचं. तो आमच्या थिएटरचा अटेंडंट, प्लास्टर कापण्यात त्याच्यासारखा हात नाही. त्यानं पातं हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. तो माझ्यासारखाच, देव-दैव न मानणाऱ्या बौद्ध घरातला, पण त्यालाही जड गेलं. नवरा जिवंत असलेल्या बाईचा चुडो आपण कसा कापायचा, असं तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला. सुखीबाईनं ते ऐकलं.

"काप भाऊ," ती म्हणाली. "पाप लागलं त माह्या नावावर टाक."

धर्मपालनं कातडी वाचावी म्हणून पत्र्याची पट्टी आत सरकवली आणि एकेक बांगडी कापली. डाव्या हाताच्या राहू द्या म्हटलं तर तिनंच डावा हात पुढे केला. एक दंड उघडा आणि एक झाकलेला ठेवून लोकांशी काय खोटं बोलायचं, असं तिचं म्हणणं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. बांगड्यांच्या खालची कातडी तान्ह्या पोरासारखी कोवळी निघाली. लग्नानंतर तिला ऊन लागलंच नव्हतं. तुकडे मी ओढणीच्या टोकात बांधून तिच्या उशाशी ठेवले.

खांद्याच्या बाहेरच्या अंगाला एक शीर जाते, ती शाबूत आहे का हे बघायला तिथे कापसाचा बोळा फिरवतात. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोळा फिरवला, कळतं का विचारलं. ती म्हणाली, "कळते. पन हा आमचा कापूस नाई, लय साफ हाये." रडता रडता हे. डॉक्टर हसले आणि शीर शाबूत असल्याचं सांगून गेले.

त्याच दिवशी अंधार पडल्यावर तांड्यावरची एक बाई तिच्यासाठी भाकरी घेऊन आली. मी दुसऱ्या टोकाला होते. सुखीबाईला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, ती गाढ झोपली होती. बाईनं उघडे दंड बघितले. शेजारच्या बाजेवरच्या पेशंटला विचारलं, हिचा माणूस कुठे आहे? तिनं सांगितलं, भांडला, तोंड दाखवणार नाही म्हणाला आणि गेला. दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात, दुसऱ्या कोणत्या वर्षात कोणी यातून काय अर्थ काढला असता कोण जाणे. आमच्याकडे तेव्हा या वाक्याचा एकच अर्थ होता, आणि उघडा दंड त्याचा पुरावा होता. भाकरी तिथेच टाकून ती बाई पळाली. मला तिची पाठ तेवढी दिसली.

पुढचं मला नंतर कळलं. रातोरात तांडा जागा झाला. खरेदी केंद्रावर माणूस धावला, तर कापसाची गाडी उभी आणि लखीराम नाही. शेजारी गाडीवाला म्हणाला, यवतमाळला गेला तो आलाच नाही. उजाडल्यावर विहिरी बघितल्या. तांड्याचा नायक खेमसिंग, शब्दाला वजन असलेला माणूस, त्यानं ठरवलं की मढं दवाखान्यातच असणार. एका जीपमध्ये बायका, एकीत माणसं, अशी वरात आमच्या दवाखान्यात येऊन थडकली.

सुखीबाई नुकतीच थिएटरमधून बाहेर आली होती. ऑपरेशन छान झालं होतं, गोळा जागेवर आला होता, पट्टी नीट बसली होती. हात झोळीत, भूल अजून पुरती उतरलेली नाही, आणि आठ-दहा बायका तिच्या बाजेला वेढा घालून तिच्या गळ्यात पडल्या. बंजारा बायकांचं रडणं नुसतं रडणं नसतं, त्याला चाल असते, गेलेल्याचे गुण त्यात एकेक करून येतात. लखीराम किती भोळा होता, बैलांवर कधी काठी उगारली नाही, सगळं त्यात आलं. सगळा वॉर्ड उठून बसला. एक पाय टांगलेला म्हातारासुद्धा रडायला लागला.

सुखीबाईनं डोळे उघडले आणि कोण गेलं, असं विचारलं. कोणी सांगेना. शेवटी खेमसिंगनं पुढे होऊन लखीरामचं नाव घेतलं. तिला आधीच माहीत असणार, म्हणूनच तिनं चुडो उतरवला, असं तो समजून चालला होता. तिनं सांगितलं, नाही, हातासाठी उतरवला. तेव्हा एक म्हातारी रडणं थांबवून म्हणाली, म्हणजे तूच खाल्लास त्याला.

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण मलाही वाटलं की गेला. दारातलं त्याचं बोलणं मीही ऐकलं होतं. मी सुखीबाईचा चेहरा बघत होते. ती पांढरीफटक पडली होती. डाव्या हातानं ती उजवा दंड चाचपत होती, जिथं आता नुसतं बँडेज होतं. त्या क्षणी तिनं जर म्हटलं असतं की चुकलं माझं, तर ती जन्मभर चुकलेली राहिली असती. लखीराम मेलेला निघो की जिता, तांड्यानं तिला सोडलं नसतं.

ती कोपरावर टेकून अर्धी उठली. मी दाबून धरलं तरी उठली.

"मढं दाखवा," ती म्हणाली. "मढं पाह्यलं का तुमी? नसन पाह्यलं त रडनं बंद करा. मोडलेला हात जोडला मी. मानूस नाई मारला."

पण रडणं काही थांबेना. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पोरगेला वार्ताहर वॉर्डात घुसला. जीपमागं आला असणार. तो सुखीबाईला सांगायला लागला, बाई, ओढणी जरा बाजूला घ्या, दंड उघडा दिसू द्या. मी त्याची कॉलर धरली. नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी कोणावर हात टाकला नव्हता, त्या दिवशी टाकला, आणि अजूनही मला त्याचं काही वाटत नाही. ऑपरेशन झालेल्या बाईचा दंड त्याला विधवेचा दंड म्हणून छापायचा होता. ती खरोखर विधवा असती तरी मी त्याला बाहेरच काढलं असतं.

त्याला ढकलत मी दारापर्यंत नेलं आणि दारात लखीराम उभा.

हातात डबा, पायांत धूळ. आत एवढ्या बायका रडताहेत हे बघून त्यानं आदरानं फेट्याला हात घातला आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कोन गेलं जी, सिस्टरबाई?"

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी बोट त्याच्याच छातीला लावलं. आत एकेकीचं रडणं बंद पडत गेलं. त्याला खाल्लं म्हणणारी म्हातारी मटकन खाली बसली. खेमसिंग त्याच्याकडे असा बघत होता की त्याला जिवंत बघून आनंद झाला की त्रास, हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. लखीरामला हळूहळू सगळं कळलं. तो भेदरून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "म जिवतो छू." मी जिवंत आहे. त्याला ते पुरावा द्यावा लागल्यासारखं सांगावं लागलं.

सुखीबाईनं उशीवर डोकं टेकलं. "कुठं गेलता?"

"पांढरकवड्याले. बहिनीकडे."

"जेवला?"

"जेवलो. तुह्यासाठीबी देल्लं तिनं."

"मंग बस."

तो बसला. बहिणीनं त्याला रात्रभर फैलावर घेतलं होतं, बायको हात मोडून पडली आणि तू इथे कसला रुसून बसलास म्हणून. सकाळी पहिल्या गाडीत बसवून तिनंच त्याला परत धाडलं होतं. त्यानं डबा उघडला आणि डाव्या हाताला जमत नाही म्हणून तिला स्वतःच्या हातानं भरवायला लागला. बायका बघत होत्या. वार्ताहर केव्हाच निघून गेला होता. जिवंत माणसाची बातमी होत नाही हे त्याला बरोबर माहीत होतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. जाताना खेमसिंगनं बजावलं की जिवंत माणसाच्या नावानं रडणं झालं आहे आणि चुडो उतरला आहे, त्याचं निस्तरलं पाहिजे. तांड्याला बकऱ्याचं जेवण द्यायचं आणि सुखीबाईनं पुन्हा चुडो घालायचा. तोवर तिची जागा विधवांत. लखीराम लगेच तयार झाला. भोयर डॉक्टर म्हणाले, वर्षभर दंडावर काही घट्ट चढवायचं नाही. सुखीबाई म्हणाली, वर्ष झाल्यावरही नाही.

का, म्हणून मी तिला विचारलं. तिचं उत्तर साधं होतं. चुडो उतरल्यावर माणूस मरतो असं सगळे म्हणत होते. तिचा उतरला आणि माणूस डबा घेऊन परत आला. मग आता घालायचा कशासाठी?

त्यानंतरचे महिने हाताचे होते. ऑपरेशन झालं म्हणजे हात बरा झाला असं लोकांना वाटतं. तसं नसतं, खरी लढाई टाके निघाल्यावर सुरू होते. आधी वाकून उभं राहायचं, हात खाली लोंबू द्यायचा आणि विहिरीत दोर फिरवावा तसा हलके फिरवायचा. मग भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. दुखतं इतकं की धडधाकट पुरुष माझ्यासमोर रडले आहेत. सुखीबाई रडायची नाही, शिव्या द्यायची. गोरबोलीतल्या शिव्या मला तिच्यामुळे आल्या. दाखवायला यायची ती एसटीनं, आणि लखीराम सोबत असायचा. भिंतीवर हात नेताना ती दात ओठ खायची आणि तो तिच्या मागं उभा राहून स्वतःचाच हात वर नेत असायचा, आपल्याला ते कळतही नसल्यासारखा. खांद्याच्या रेषेपर्यंत हात आला त्या दिवशी डॉक्टर खूश झाले. ती नव्हती. भारा डोक्यावर घ्यायला एवढा पुरत नाही, म्हणाली.

उन्हाळ्यात लखीरामच्या पुतणीचं लग्न निघालं. सुखीबाईनं निरोप धाडला की सिस्टरबाईनं आलंच पाहिजे. मी गेले. तांड्यावर मांडव पडला होता, डफडं वाजत होतं, बायका रिंगण धरून नाचत होत्या. त्यांचा नाच वाकून, टाळी देऊन, दोन्ही हात डोक्यावर नेऊन होतो, आणि बघत राहावा असा असतो.

मांडवाच्या कडेला, ढोरांच्या गोठ्याला लागून, एक ओळ बसली होती. उघडे दंड, केसांत घुगरी नाही, ओढण्या खाली ओढलेल्या. मला वाटलं होतं म्हाताऱ्या असतील. होत्या, पण थोड्या. त्या दोन-तीन वर्षांत ती ओळ लांबली होती, आणि तिच्यात अशा पोरी बसल्या होत्या ज्यांच्या मांडीवर अजून दूध पिणारी लेकरं होती. त्यांना आतापर्यंत कोणी मोजलं असेल तर ते सरकारी मदत द्यायची की नाही हे ठरवायला. नाचात घ्यायला कोणी मोजलं नव्हतं.

सुखीबाई त्या ओळीत बसली होती. खेमसिंगनं सकाळीच निरोप पाठवला होता की निस्तरलं नाही, तेव्हा जागा तीच. ती जाऊन बसली होती. तिची बंडखोरी बघायला मी एवढ्या लांबून आले आणि ही गुमान बसली आहे, याचा मला राग येत होता. लखीराम पुरुषांत बसला होता आणि सारखा मान वळवून तिकडे बघत होता.

मग तो उठला. मला वाटलं पाणी प्यायला चालला. तो मांडव ओलांडून गेला, विधवांच्या ओळीत शिरला आणि सुखीबाईच्या शेजारी मांडी घालून बसला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एक पोरगी हसली. मग डफडं थांबलं. खेमसिंग तरातरा आला आणि हे काय चाललं आहे म्हणून त्यानं विचारलं. लखीराम, ज्यानं जन्मात नायकासमोर तोंड उघडलं नव्हतं, तो खाली बघत म्हणाला, "मी मेलो हाये ना तुमच्या हिशोबानं? मंग मेलेल्याच्या बायका जिथं बसतेत, तिथं मीबी बसतो."

सगळा मांडव हसला. वऱ्हाडी हसले, नवरदेव हसला. खेमसिंग मूर्ख नव्हता. जिवंत नवरा विधवांच्या ओळीत बसवून लग्न लावणं म्हणजे चार तांड्यांत हसं करून घेणं, हे त्याला कळलं. तो नरम झाला. सुखीबाईला म्हणाला, बरं, तू ऊठ, तू रिंगणात ये, तुझी गोष्ट वेगळी आहे.

मला वाटलं, जिंकली. ती उठली नाही.

"काहून येगळी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माह्यावाला डबा घेऊन वापस आला म्हनून? या बायांचे नाई आले, त्यात यांचा काय गुन्हा हाये? मी एकटी नाई येत. सगळ्या येतीन त येतो."

कोणी हसलं नाही. खेमसिंग हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ओळीतल्या पोरींनी माना आणखी खाली घातल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि का वाटू नये? आपल्यामुळे नव्या नवरीला काही झालं तर, हे त्यांच्या डोक्यात इतक्या जणांनी भरलं होतं.

लखीराम डफड्यावाल्याला म्हणाला, "वाजव गा."

डफडेवाला नायकाकडे बघत राहिला. नायक जमिनीकडे बघत होता. मग डफड्यावर हळूच टिपरी पडली. सुखीबाई डाव्या हातानं जमिनीचा आधार घेऊन उठली आणि शेजारच्या पोरीचा हात धरून तिला उभं केलं. ती पोरगी विशीची असेल, नसेल. तिनं लेकरू लखीरामच्या मांडीवर दिलं. तिच्या मागून आणखी एक उठली, मग एक म्हातारी. सगळ्या उठल्या असं मी सांगणार नाही, काही बसूनच राहिल्या. पण उठल्या त्या रिंगणापर्यंत गेल्या, आणि नवरीनं, अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलीनं, बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

हात वर न्यायचा ठेका आला. सुखीबाईचा डावा हात सरळ डोक्यावर गेला. उजवा खांद्याच्या वर चढला, उघडा, पट्टीचा व्रण दंडावरून खाली आलेला, आणि कानाच्या थोडा अलीकडे अडला. तिनं तो तिथून खाली घेतला नाही. तसाच धरून ती नाचत राहिली.